मिस्त्रींचे फुगे

माझे वडील गवंडी आहेत, आणि त्यातही गिलाव्याचे. विटा रचणारा वेगळा आणि गिलावा करणारा वेगळा, हे कुणी विसरलं की ते लगेच आठवण करून देतात. भिंत उभी कुणीही करील, ती बघण्यासारखी आम्ही करतो, असं त्यांचं म्हणणं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी दुनियेच्या भिंती गुळगुळीत केल्या आणि आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत अजून खडबडीतच आहे. "पुढच्या महिन्यात करतो," हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. आईसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. "मिस्त्री, चहा निवतोय." "मिस्त्री, बूट दारातून हलवा, कुणीतरी आपटेल." शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी वडिलांचं नाव विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं होतं.

आई बेकरीत होती, सव्वीस वर्षं. दुकानात गिऱ्हाइकांपुढं नाही, आत, भट्टीपाशी. तिच्याकडं क्रीम पफचं काम असायचं. बाहेरून खुसखुशीत, आत पोकळ, आणि त्या पोकळीत गार गोड क्रीम. दुकानाच्या पाटीवर त्याचं काहीतरी फ्रेंच नाव होतं, ते मालकालाही नीट म्हणता यायचं नाही. आतल्या बायका त्यांना फुगे म्हणायच्या, म्हणून आमच्या घरातही फुगेच. ते तिनं घरी कधी केले नाहीत. दिवसभर तीच तोंडं बघते, घरी तरी दुसरी बघू दे, म्हणायची. पण तिरके झालेले, फाटलेले, विकण्यासारखे नसलेले फुगे ती कागदी पिशवीतून घेऊन यायची आणि बाबा तिला जिन्यातच गाठायचे. ती दार उघडेपर्यंत त्यांच्या मिशीला क्रीम लागलेलं असायचं. चांगल्या आकाराचा फुगा मी पहिल्यांदा पाहिला तो कुणाच्या तरी लग्नात, आणि मला तो खोटा वाटला.

चार महिन्यांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द सोडून सगळं बोलणं गेलं. तो शब्द 'नाही'.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हा शब्द तिच्या तोंडातून आपोआप बाहेर येतो. तिला हो म्हणायचं असलं तरी नाहीच येईल, तेव्हा शब्दावर जाऊ नका. आणि तेव्हा ते अगदी खरं होतं. "पाणी देऊ?" म्हटलं की ती "नाही" म्हणायची आणि डाव्या हातानं पेला ओढून घ्यायची. "मी आलेय, ओळखलंस का?" म्हटलं तर "नाही" म्हणायची आणि माझा हात सोडायची नाही. मी बाहेर जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत आत यायचे.

आता थोडं माझ्याबद्दल. मी बस डेपोत ड्युट्या लावते. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कोण सुट्टीवर, कोण आजारी असल्याचं सांगून मेहुणीच्या लग्नाला गेलाय, हे सगळं माझ्या तक्त्यात असतं. तक्ता झाला की माझा जीव शांत होतो. म्हणून मी आईच्या 'नाही'चाही तक्ता केला. छोटं, हळू नाही म्हणजे हो. लागोपाठ दोनदा म्हणजे पुरे. लांबवलेलं म्हणजे कुणाला तरी बोलवा. जोरात म्हणजे दुखतंय. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो मी त्यांच्या फ्रिजवर लावला. शेजारच्या काकूंनी त्याचा फोटो काढून घेतला. बाबा रोज सकाळी चष्मा लावून तो वाचायचे आणि मगच आईला चहाचं विचारायचे.

पुढं ठरलं ते असं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा एकाहत्तर वर्षांचे, आणि त्यांचा एक गुडघा त्यांच्या ऐकण्यातला नाही. एका दुपारी न्हाणीघरात दोघं एकदमच घसरले आणि शेजारच्या काकू येईपर्यंत पाऊण तास फरशीवर बसून राहिले. लागलं कुणालाच नव्हतं, पण ऐकल्यापासून माझी झोप उडाली. माझं घर दुसऱ्या गावात, बसनं चार तासांवर, पण तळमजल्यावर. हातापायाच्या व्यायामाचं केंद्र तिथून दोन गल्ल्या सोडून. माझ्याकडची लहान खोली मोकळी करता येत होती, फक्त तिच्यात एकच खाट मावते. बाबांचं नंतर बघू, असं मी म्हटलं. नंतर म्हणजे कधी, हे मलाही माहीत नव्हतं आणि बाबांनी विचारलं नाही.

मी आईपुढं बसले आणि तिला विचारलं, "आई, माझ्याकडं राहायला येतेस ना?"

"नाही," आई म्हणाली. छोटं आणि हळू.

मी फ्रिजकडं बघितलं, बाबांकडं बघितलं आणि म्हटलं, "झालं तर मग. आजपासून तिसऱ्या रविवारी मी गाडी घेऊन येते."

बाबा "बरं" म्हणाले. बेचाळीस वर्षं एका खोलीत झोपलेला माणूस एवढंच म्हणाला, आणि मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

बुधवारी कामावर त्यांचा फोन आला. "फुग्यांना मैदा किती घेतात गं?"

"कसले फुगे?"

"तुझ्या आईचे. ती जायच्या आधी एकदा तिला आयते खायला घालायचेत. सव्वीस वर्षं तिनं जगाला करून घातले. तिला कुणी घातले?"

"बाबा, तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

"यात उकडायचं कुठंय? फोडायचंच आहे ना?"

मी फोनवर शोधून त्यांना कृती पाठवली. म्हातारा माणूस चार दिवस कशात तरी गुंतून राहील, एवढाच माझा हिशोब होता.

पहिल्या रविवारी मी पोचले तर ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं, मैदा मोजून ठेवलेला, लोण्याचे तुकडे केलेले, अंडी एका ओळीत, आणि बाबा कामावरच्या जुन्या शर्टात. ओव्हन बेकरीतलाच होता. बेकरी बंद झाली तेव्हा मालकानं तो आईला दिला होता, आणि तेव्हापासून तिनं त्यात कढया ठेवल्या होत्या. दाराची काच तापून तापून इतकी तपकिरी झालेली, की आतलं काही दिसायचं नाही. आईला त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं, गुडघ्यांवर शाल घालून.

"प्रमाण सगळं दिलंय, पण माल कसा हवा ते लिहिलंच नाही," कृती उतरवून घेतलेला कागद हलवत बाबा म्हणाले. भिंतीसाठी कालवलेल्या सिमेंट-वाळूला गवंडी माल म्हणतात, आणि बाबांच्या लेखी पातेल्यातलाही मालच होता.

पाणी आणि लोणी उकळलं, त्यात मैदा ओतला आणि बाबांनी लाकडी चमच्यानं घोटायला घेतलं. घोटण्याबद्दल त्यांना काही शिकवायची सोयच नाही. बघता बघता गोळा पातेल्याची कड सोडून चमच्याबरोबर फिरायला लागला. तो थोडा निवल्यावर एकेक अंडं घालून परत घोटायचं होतं. तिसऱ्या अंड्यानंतर बाबांनी चमचा भरून घेतला आणि उलटा धरला. काही पडलं नाही. ते खूश झाले. "हे बघ. थापी उलटी केली तरी माल सुटता कामा नये. झाला."

"नाही. नाही," आई म्हणाली.

"पुरे म्हणतेय," मी तक्त्याप्रमाणं अर्थ सांगितला. चौथं अंडं फ्रिजमध्ये परत गेलं.

तासाभरानं ओव्हनमधून जे निघालं त्यानं खिळा ठोकता आला असता. आईनं त्यातला एक डाव्या हातात घेतला, खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजवून बघितला, आणि तिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. बाबांनी तीन फुगे चहात बुडवून खाल्ले आणि मजबूत झालेत म्हणाले. मला मात्र त्या हसण्यानंच जास्त रडू आलं, कारण अजून दोनच रविवार राहिले होते आणि ते मीच ठरवलं होतं.

मधल्या आठवड्यात बाबांनी विचार केला. हा माल भिंतीला चिकटून बसायचा नाही, त्याला उठायचंय, म्हणजे तो ढिला हवा, हे त्यांचं त्यांना सुचलं. दुसऱ्या रविवारी चौथं अंडं पडलं. चमचा उचलला की माल जरा वेळ लोंबायचा, मग खाली घसरायचा आणि चमच्याला त्रिकोणी शेपूट राहायची. "असा?" बाबांनी आईला विचारलं. ती काही बोलली नाही, ट्रेकडं बघत राहिली.

मला शांतता सहन होत नाही. मी म्हटलं, "दमलीस का? आत नेऊ, पडतेस जरा?"

"नाही," आई म्हणाली, हळूच. मी तिला उठवलं आणि आत नेऊन पलंगावर आडवं केलं. पाच मिनिटांनी बाबा तिला परत घेऊन आले. "बघू दे की तिला," एवढंच मला म्हणाले.

दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून त्यांनी त्यात माल भरला आणि ट्रेवर टपोरे ठिपके घातले. आधी दोरा ताणून रेघा मारून घेतल्या होत्या, त्यामुळं चार ओळी अशा सरळ आल्या की एखादा बेकरीवाला लाजावा. प्रत्येक ठिपक्याला वर एक शेंडी आली होती. बाबांनी बोट पाण्यात बुडवलं आणि एकेक शेंडी निपटून काढली, गिलाव्यावर ओला हात फिरवतात तशी. हे त्या कागदात कुठंच लिहिलेलं नव्हतं. आई खुर्चीत पुढं झुकून त्यांच्या बोटाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी फार वेळा बघितलं होतं आणि मधल्या काळात विसरले होते.

ट्रे आत गेला. दहा मिनिटांत घरभर लोण्याचा वास झाला आणि बाबांचं चित्त थाऱ्यावर राहीना. गिलावा सुकताना दहा वेळा जाऊन हात लावून बघायची त्यांना सवय. काचेतून काही दिसत नव्हतं. ते ओव्हनपुढं उकिडवे बसले, दारावर हात ठेवला आणि आईला विचारलं, "उघडू का जरा? बघतो आणि लगेच लावतो."

"नाही," आई म्हणाली. छोटं, हळू.

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"हो म्हणतेय," मी म्हटलं.

त्यांनी दार उघडलं. आत सगळे फुगे गोल, वर आलेले, कडेनं सोनेरी झालेले होते. आम्ही ते बघितले, अगदी क्षणभर. मग बाहेरची गार हवा आत गेली आणि ते एकेक करून बसत गेले, चारही ओळी. आईनं डोळे मिटून घेतले आणि डाव्या हाताची मूठ खुर्चीवर आपटली.

बाबा तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "ती नाही म्हणाली होती."

"ते छोटं होतं, बाबा. छोटं म्हणजे हो."

"अगं, सव्वीस वर्षं भट्टीवर काढलेली बाई ती. फुगे आत असताना दार उघडा, असं जीव गेला तरी म्हणायची नाही. मी विचारलं उघडू का, ती म्हणाली नाही. आणखी कसं सांगायचं तिनं?"

"म्हणून काय प्रत्येक नाही म्हणजे नाहीच होतं? डॉक्टरांनी आपल्याला सांगितलंय."

"चार महिन्यांपूर्वी सांगितलंय."

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "तिनं जाऊ नये असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तुम्हाला तसं ऐकू येतंय."

बाबांनी सुरीनं ट्रेवरचे बसलेले फुगे खरवडायला घेतले. बराच वेळ खरवडत होते. "असेल," ते म्हणाले. "तसंही असेल."

आम्ही ते चपटे फुगे वरून क्रीम फासून खाल्ले. चव चांगली होती, पण तसं कुणी म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी चार तास स्वतःशीच भांडले. चहा घेतेस का? नाही. आणि आम्ही कप हातात द्यायचो. ती प्यायची, म्हणजे तिला हवा होता, असं मी धरून चालले. पण हातात दिलेला कप माणूस करणार काय, पिणारच. खिडकी लावू का? नाही. आणि मी खिडकी लावायचे. टीव्ही लावू? नाही. आणि दुपारभर ती टीव्हीपुढं बसायची. पहिल्या महिन्यात तिला शब्द सापडत नव्हते हे खरं. नंतर कधीतरी तो एक शब्द तिला सापडला असेल, आणि तोपर्यंत आम्ही त्याचा अर्थ ठरवून फ्रिजवर चिकटवला होता. एवढं कळत होतं, तरी मी मानायला तयार नव्हते. तक्ता चुकला असेल तर मी तिला विचारलेलं सगळंच चुकलं होतं, आणि त्यातला शेवटचा प्रश्न फार मोठा होता.

तिसरा रविवार आला. भाड्यानं ठरवलेली गाडी चार वाजता येणार होती. मी घरात पाऊल टाकलं तर आईची बॅग दाराशी तयार. बाबांनी तिचे कपडे घड्या घालून भरले होते, औषधांच्या डब्यांवर सकाळ-दुपार लिहून ठेवलं होतं. तिची उशीसुद्धा पिशवीत घातली होती, कारण दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही. फ्रिजचं दार मोकळं होतं.

"तक्ता कुठंय?"

"काढला," बाबा म्हणाले. "आठवडाभर मी तिला फक्त अशाच गोष्टी विचारल्या ज्यांचं उत्तर मला ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या मावशीला गाता येतं का? नाही म्हणाली. बेकरीचा मालक शहाणा होता का? नाही म्हणाली. लग्नात मी देखणा दिसत होतो का?"

"मग?"

"नाही म्हणाली," बाबा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "तिन्ही बरोबर आहेत."

"आणि उत्तर हो असलं तर?"

"तर काहीच बोलत नाही. हो हा शब्द तिच्याकडं नाहीच ना. मग गप्प बसून राहते. आपण कधी थांबतच नाही, लगेच दुसरं विचारतो."

मला ते पटलं नव्हतं, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं.

क्रीम त्यांनी सकाळीच करून गार करत ठेवलं होतं. दूध, साखर, अंड्यातला पिवळा बलक, थोडं कॉर्नफ्लोअर. गुठळ्या झाल्या होत्या त्या गाळून काढल्या होत्या, वाळू चाळायच्या हातानं. आता पातेलं गॅसवर चढलं. पाणी आणि लोणी उकळलं तसं बाबांनी मैद्याची वाटी हातात घेतली. "थोडा थोडा घालू?"

"नाही," आई म्हणाली.

"सगळा एकदम?"

आई काही बोलली नाही. माझ्या तोंडात लगेच शब्द आले, काय गं, कळलं नाही का, परत विचारू का. बाबांनी माझ्यापुढं पंजा धरला. आम्ही तिघंही थांबलो. पाणी उकळत होतं, आई पातेल्याकडं बघत होती. बाबांनी मैदा एकदम ओतला आणि घोटायला लागले.

"तीन अंडी बास?" "नाही." "चौथं?" गप्प. "आता चमच्याला चिकटून बसायला हवं?" "नाही." "शेपूट यायला हवी?" गप्प. तिच्या चेहऱ्यावर वैताग दिसायला लागला होता, कामाच्या वेळी नको ते विचारणाऱ्या माणसाचा येतो तसा. ती मला आजारी वाटेनाशी झाली. भट्टीपाशी उभी राहून ती नव्या बायकांवर अशीच वैतागत असेल, आणि ती मला कधी बघायलाच मिळाली नव्हती.

ट्रे आत गेला आणि बाबा आपलेच हात मांडीखाली दाबून बसले. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "उघडू?" "नाही." आणखी पाच मिनिटांनी, "उघडू?" "नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली. बाबा इतके खूश झाले की चौथ्यांदाही विचारलं. मी भिंतीला टेकून या दोन म्हाताऱ्यांकडं बघत होते. माझ्या घरातल्या लहान खोलीत आई खाटेवर बसलेली, मी कामावर गेलेली, आणि तिला चुकीचं काही विचारणारं कुणीच नाही, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

अर्धा तास होऊन गेला होता. "उघडू?" बाबांनी विचारलं.

आई काही बोलली नाही. बाबा थांबले. मीही थांबले. मग त्यांनी दार उघडलं.

एकही बसला नाही. बाबांनी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला, तर आई डावा हात पुढं करून बोटं हलवायला लागली. मला समजेना. बाबांना समजलं. त्यांनी तिची जुनी विणायची सुई आणून हातात दिली आणि खुर्ची ओट्याशी ओढली. आतली वाफ बाहेर काढली नाही तर फुगे ओले राहतात, हे त्या कागदात शेवटी लिहिलं होतं आणि बाबांनी ते वाचलं नव्हतं. आई डाव्या हातानं एकेका फुग्याला खालून भोक पाडायला लागली. पहिले दोन फाटले. मी पुढं झाले, "दे, मी करते."

"नाही."

मी हात मागं घेतला. चोवीस फुगे होते आणि तिला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मला जड गेली, हे कबूल करते. बोटबोटभर पुढं सरकणारं काम बघत नुसतं उभं राहायचं, हे मी आयुष्यात केलेलं नाही.

ते निवल्यावर बाबांनी पहिला फुगा क्रीमनं भरला आणि आईला दिला. जेवण अर्धं टाकणारी आई तो पूर्ण खाऊन गेली. गालाच्या उजव्या बाजूला क्रीम लागलं होतं, तिकडचं तिला कळत नाही. बाबांनी ते अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा चाटला. दुसरा फुगा तिनं स्वतःच उचलला.

पावणेचार झाले होते. मी बाबांना बाजूला घेतलं. "तुम्ही तिला ते विचारलंत का? जायचं?"

"नाही."

"का?"

"तूच म्हणालीस ना, मला हवं तेच मला ऐकू येतं. खरंय ते. या एका बाबतीत माझ्या कानांचा भरवसा नाही. तू विचार. तिनं तुझ्याकडं यावं असं तुला वाटतं, तरीही तुला 'नाही' ऐकू आलं, तर ते खरं असेल."

एवढं बोलून त्यांनी खरकटी भांडी गोळा केली आणि आमच्याकडं पाठ करून नळ सोडला. मोठा सोडला, ऐकू येऊ नये इतका.

मी आईपुढं जमिनीवर बसले. "आई, माझ्याकडं राहायला येतेस?"

"नाही," ती म्हणाली. छोटं आणि हळू. तीन आठवड्यांपूर्वी म्हणाली होती तसंच, त्यात केसाएवढाही फरक नव्हता. तेव्हाही ती हेच म्हणाली होती आणि मी झालं तर मग म्हणून गाडी ठरवायला उठले होते.

मला दुसरा प्रश्नही विचारायचा होता, कारण एका उत्तरावर मी आता कधीच काही ठरवणार नव्हते. "इथंच राहायचंय? बाबांजवळ?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आई माझ्याकडं बघत होती. माझ्या जिभेवर बाकीचं सगळं तयार होतं. जिन्याचं काय, न्हाणीघराचं काय, त्या गुडघ्याचं काय. पण ती उत्तरं शोधायचं काम माझं होतं, तिचं नव्हतं. मी तोंड मिटून ठेवलं. हॉर्न परत वाजला. आईनं नजर काढली नाही, ओठ हलवले नाहीत. इतका वेळ मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, चार महिन्यांत एकदाही नाही, आणि ते लक्षात आल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं शालीचं टोक माझ्या हातात दिलं. तरी काही बोलली नाही.

नळ बंद झाला.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं. त्यांनी वळून बघितलं नाही.

"इथंच राहायचंय का विचारलं. काहीच म्हणाली नाही," मी म्हटलं.

बाबांनी हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं, दोन्ही हात ओट्याच्या कडेवर टेकले आणि आमच्याकडं पाठ करूनच, लहान मुलासारखे मोठ्यानं रडले.